नव्या हायस्कूलसाठी हद्दी बदलतात तेव्हा: नकाशा कसा आखला जातो आणि कशाने हलतो

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. डॅलसच्या उत्तरेला झपाट्याने वाढणाऱ्या आपल्या स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये (म्हणजे त्या भागातल्या सार्वजनिक शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या हद्दीत) पुढच्या ऑगस्टमध्ये नवे हायस्कूल, म्हणजे नववी ते बारावीची शाळा, सुरू होत आहे. त्यासाठी मांडलेल्या तीन नकाशांपैकी दोनांमध्ये आपले सबडिव्हिजन (एकत्र आखून बांधलेली घरांची वसाहत) जुन्या, नावाजलेल्या हायस्कूलमधून निघून नव्या शाळेत जाते. मुलगी आठवीत आहे, धाकटा पाचवीत आहे, आणि घर घेताना ती जुनी शाळा पाहूनच घेतले होते. ही रेषा कोण आणि कशाच्या आधारे आखते, ती हलवता येते का, आणि नव्या शाळेच्या पहिल्या वर्षी जाण्यात मुलीचे नुकसान आहे का, असे तीन प्रश्न आपण विचारले आहेत. वीसहून अधिक वर्षे पटसंख्येचे अंदाज बांधणे आणि शाळांच्या हद्दी आखणे हेच माझे काम राहिले आहे, त्यामुळे टेबलाच्या पलीकडच्या बाजूने हे काम कसे दिसते ते सांगतो.

आरंभीच एक कटू गोष्ट सांगितलेली बरी, ती म्हणजे घरासोबत शाळा विकत मिळत नाही. टेक्सासमध्ये दोन निरनिराळ्या रेषा असतात आणि लोक त्या एकच समजतात. पहिली रेषा डिस्ट्रिक्टची. डिस्ट्रिक्ट ही स्वतःचा मालमत्ता कर लावणारी, शहराच्या कारभारापासून वेगळी संस्था असल्यामुळे ती रेषा सहसा बदलत नाही. दुसरी रेषा डिस्ट्रिक्टच्या आत एकेका शाळेची, आणि ती ठरवण्याचा अधिकार निवडून आलेल्या बोर्डाकडे असतो. विशिष्ट शाळेत जाण्याचा हक्क पत्त्यामुळे कायमचा मिळतो असे अमेरिकेच्या न्यायालयांनी मानलेले नाही. विक्रीच्या कागदांत बारीक अक्षरात ‘हद्दी बदलू शकतात’ असे लिहिलेले असते ते याचमुळे. वकील करून हा नकाशा थांबवण्याची कल्पना आपल्या शेजाऱ्यांच्या गटात चालू असेल, तर ते पैसे वाचवावेत असे माझे स्पष्ट मत आहे.

आता मूळ कामाकडे येतो. नवे हायस्कूल बांधण्याचा निर्णय गर्दी दिसू लागल्यावर होत नाही. तसा झाला तर उशीर झालेला असतो, कारण जागा, मतदान, आराखडा आणि बांधकाम धरून चार-पाच वर्षे सहज जातात. म्हणून आम्ही पटसंख्येचा अंदाज आधी बांधतो. त्याची मुख्य रीत साधी आहे. समजा मागच्या वर्षी आठवीत ४०० मुले होती आणि यंदा नववीत ४२० आली, तर आठवी-नववीचे गुणोत्तर १.०५ झाले. अशी प्रत्येक इयत्तेची गुणोत्तरे तीन ते पाच वर्षांची काढून, आज खालच्या वर्गांत बसलेल्या मुलांना एकेक इयत्ता वर सरकवत न्यायचे. बालवर्गासाठी पाच वर्षांपूर्वीची जन्मसंख्या घ्यायची. नववीत पट फुगतो तो खाजगी शाळांतून येणाऱ्या मुलांमुळे आणि क्रेडिट (विषय पूर्ण केल्याबद्दल मिळणारे गुणांक) कमी पडून त्याच वर्गात राहणाऱ्या मुलांमुळे, आणि हा फुगवटा प्रत्येक डिस्ट्रिक्टमध्ये निराळा असतो.

स्थिर वस्तीत ही रीत इतकी बरोबर येते की आमचे कौतुक करायला जागा उरत नाही. नव्या घरांच्या पट्ट्यात मात्र ती एकटी पुरत नाही. तिथे प्रत्येक प्रकारच्या शंभर घरांमागे किती मुले येतात हा दर धरावा लागतो, आणि स्वतंत्र घर, टाउनहाउस व अपार्टमेंट यांचे दर वेगवेगळे निघतात. त्यातही घराचे वय महत्त्वाचे असते. नव्या सबडिव्हिजनमध्ये येणारी कुटुंबे बहुधा लहान मुलांची असतात, त्यामुळे प्राथमिक शाळेचा पट आधी चढतो, आणि तीच लाट आठ-दहा वर्षांनी हायस्कूलवर येऊन आदळते. तोवर प्राथमिक शाळेत जागा रिकाम्या होऊ लागलेल्या असतात. त्यानंतर मुले कॉलेजात जातात, आईवडील त्याच घरात राहतात, आणि त्या शंभर घरांतून हायस्कूलला येणारी मुले कमी होत जातात. ‘एकीकडे प्राथमिक शाळा बंद करता आणि दुसरीकडे हायस्कूल कसले बांधता’ असा सवाल सुनावणीत हमखास येतो. विचारणाऱ्याला तो बिनतोड वाटतो, पण दोन्ही गोष्टी एकाच लाटेच्या दोन टोकांवर घडत असतात.

क्षमतेच्या आकड्याविषयीही सावध राहावे. इमारतीची कागदावरची क्षमता आणि प्रत्यक्षातली क्षमता यांत फरक असतो, कारण हायस्कूलमध्ये प्रत्येक खोली प्रत्येक तासाला वापरता येत नाही. विशेष शिक्षणाचे वर्ग लहान असतात, प्रयोगशाळेत गणिताचा तास घेता येत नाही. अंगणात ट्रेलरचे वर्ग ठेवून खोल्यांची संख्या वाढवता येते, पण कॅफेटेरिया, जिने आणि स्वच्छतागृहे तेवढीच राहतात. शाळा खरोखर किती भरली आहे ते पाहायचे असेल तर मी जेवणाच्या सुट्ट्यांचे वेळापत्रक मागतो. पहिली पाळी सकाळी साडेदहाला जेवायला बसत असेल, तर उपयोगिता टक्केवारीचा तक्ता उघडण्याची गरज राहत नाही.

शाळा किती मोठी असावी हा मात्र केवळ गणिताचा प्रश्न नाही, तो स्वभावाचा आहे, आणि आपल्याच परिसरात त्याची परस्परविरुद्ध उत्तरे दिलेली दिसतात. फ्रिस्कोने हायस्कूल लहान ठेवण्याचे धोरण धरले आणि एकामागून एक शाळा उघडत गेले. तिथे २०२२ मध्ये सुरू झालेली पँथर क्रीक हे तिथले बारावे हायस्कूल. शेजारच्या ॲलनने सगळ्या गावासाठी एकच अवाढव्य हायस्कूल ठेवले आणि २०१२ मध्ये सुमारे ६ कोटी डॉलर खर्चून १८,००० आसनांचे फुटबॉल मैदान उभारले. प्लेनोने नववी-दहावी आणि अकरावी-बारावी अशा वेगवेगळ्या इमारती केल्या. ॲलनच्या वाटेने हायस्कूलच्या हद्दीचा वाद मुळातच संपतो, पण संघात, बँडमध्ये आणि नाटकात जागा मोजक्याच राहतात आणि मुले हजारोंनी वाढतात. फ्रिस्कोच्या वाटेने अधिक मुलांना संधी मिळते, आणि दर दोन-चार वर्षांनी कोणाची तरी हद्द बदलते. आपल्या डिस्ट्रिक्टने फ्रिस्कोची वाट निवडलेली दिसते. तेव्हा आजचा वाद हा त्या निवडीसोबत येणारा नेहमीचा खर्च आहे.

बांधायचे पैसे आणि चालवायचे पैसे हे दोन वेगळे खिसे आहेत, ही गोष्टही इथेच सांगून टाकतो. टेक्सासमध्ये बॉन्डच्या (कर्जरोख्यांच्या) मतदानातून येणारा पैसा इमारतीसाठी असतो आणि तो कराच्या एका भागातून फेडला जातो; शिक्षकांचे पगार, वीज आणि बस यांचा खर्च दुसऱ्या भागातून निघतो. २०१६ च्या ऑगस्टमध्ये फ्रिस्कोच्या मतदारांनी चालू खर्चासाठीची करवाढ फेटाळली, आणि डिस्ट्रिक्टला चार नव्या शाळांचे उघडणे पुढे ढकलावे लागले. म्हणून नकाशावर भांडण्याआधी बोर्डाला विचारावे की उद्घाटनाच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात या शाळेच्या मुख्याध्यापकापासून परिचारिकेपर्यंतची पदे धरलेली आहेत का.

आता खरी मेख. आपल्या पत्रातले सगळ्यात कळकळीचे वाक्य असे आहे की आपले घर जुन्या शाळेपासून २ मैलांवर आहे, नवी शाळा साडेतीन मैलांवर आहे, आणि तरीही आपल्याला हलवले जात असून जुन्या शाळेपासून अडीच मैलांवर असलेली पूर्वेकडची वस्ती मात्र जागेवर राहते. वरवर पाहता हा उघड अन्याय आहे. पण त्या पूर्वेकडच्या वस्तीला नवी शाळा किती दूर पडते ते पाहावे. समजा ती ७ मैल आहे. जुन्या शाळेत २,१०० ची क्षमता असताना २,७०० मुले असतील, तर किमान ६०० मुले उठलीच पाहिजेत आणि प्रश्न एवढाच उरतो की ती कोणती. प्रत्येकाला जवळची शाळा दिली तर जुनी शाळा भरलेलीच राहील आणि नवी अर्धी रिकामी. म्हणून आम्ही घर ते शाळा हे अंतर मोजून थांबत नाही, हलवल्यामुळे अंतर किती वाढते ते मोजतो. आपल्यासाठी ते दीड मैलाने वाढते, पूर्वेच्या वस्तीसाठी साडेचार मैलांनी. या हिशेबात आपण हललात तर एकूण त्रास कमी होतो. नवी शाळा बहुधा मोकळी जमीन मिळते तिथे, म्हणजे वाढीच्या टोकाला उभी राहते, त्यामुळे दोन शाळांच्या मधल्या पट्ट्यात राहणाऱ्यांच्या वाट्याला हे नेहमीच येते. त्यांची शाळा जवळ असते हेच त्यांच्या विरुद्ध जाते, कारण त्यांच्याजवळ दुसरीही शाळा असते.

खरे तर हा वाद त्या जमिनीच्या खरेदीच्या दिवशी ठरलेला असतो. ती खरेदी बोर्डाच्या एखाद्या रटाळ बैठकीत, रिकाम्या खुर्च्यांसमोर, दोन मिनिटांत मंजूर होते. हद्दीच्या सुनावणीला जमणारे शेकडो लोक हे वरातीमागून आलेले घोडे असतात, आणि याचा दोष मी लोकांना फारसा देत नाही. पाच वर्षांनी आपल्या दाराशी काय येणार हे भूखंडाच्या कायदेशीर वर्णनावरून कोणाला कळणार? जिथे मोकळी जमीनच उरलेली नाही, तिथे प्रश्न आणखी अवघड होतो. व्हर्जिनियातल्या फेअरफॅक्स काउंटीने २०२५ मध्ये पश्चिमेकडच्या भागासाठी हायस्कूल हवे म्हणून बंद पडणाऱ्या एका खाजगी शाळेची तयार इमारत सुमारे १५ कोटी डॉलरना विकत घेतली.

बोर्डाच्या ठरावात निकषांची यादी असते: अंतर, क्षमता, वस्ती अखंड ठेवणे, एका मिडल स्कूलची (साधारण सहावी ते आठवीच्या शाळेची) मुले एकाच हायस्कूलला पाठवणे, बसचा खर्च, पुढची काही वर्षे पुन्हा बदल करावा लागू नये ही दक्षता, आणि काही ठिकाणी विद्यार्थ्यांच्या आर्थिक पार्श्वभूमीचा समतोल. हे सगळे एकाच नकाशात साधत नाही. बोर्ड या निकषांचा क्रम आधी जाहीर करत असेल तर ते प्रामाणिक काम समजावे. क्रम न लावता केवळ यादी दिली असेल, तर कोणताही नकाशा तिच्यातल्या कुठल्या तरी ओळीवर बोट ठेवून समर्थनीय ठरवता येतो.

आर्थिक समतोलाच्या निकषावरून सर्वांत कडाक्याची भांडणे होतात. नॉर्थ कॅरोलायनातल्या वेक काउंटीने २००० मध्ये असे धोरण घेतले की कोणत्याही शाळेत मोफत किंवा सवलतीच्या जेवणास पात्र, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरांतल्या, मुलांचे प्रमाण ४० टक्क्यांच्या वर जाऊ नये. त्यासाठी होणाऱ्या बदल्यांना कंटाळलेल्या पालकांनी २००९ च्या निवडणुकीत बोर्डाचे बहुमत पालटले, आणि २०१० मध्ये ते धोरण गेले. मेरीलँडच्या हॉवर्ड काउंटीत २०१९ मध्ये सुपरिंटेंडंटने (शाळांच्या मुख्य प्रशासकाने) सुमारे ७,४०० विद्यार्थी हलवण्याचा प्रस्ताव मांडला, गर्दी आणि गरिबीचे एकवटणे दोन्ही कमी करण्यासाठी. महिनोनमहिने सुनावण्या आणि निदर्शने झाली, आणि शेवटी बोर्डाने सुमारे ५,४०० विद्यार्थी हलवणारा नकाशा मंजूर केला. कायद्याची बाजू अशी की २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सिॲटलच्या खटल्यात एकेका विद्यार्थ्याचा वंश पाहून शाळा देण्यास मनाई केली, पण निर्णायक मत देणाऱ्या न्यायमूर्ती केनेडी यांनी शाळेची जागा निवडताना किंवा हद्द आखताना वस्तीच्या एकूण स्वरूपाचे भान ठेवणे वेगळे असल्याचे नमूद केले. त्यामुळे आजही कौटुंबिक उत्पन्नाचे प्रमाण हा निकष ठेवता येतो. माझे स्वतःचे मत विचाराल तर, एखाद्या नकाशात नवी शाळा सगळी श्रीमंत आणि जुनी सगळी गरीब, किंवा उलट, होत असेल, तर आखणाऱ्याने तो दाखवण्यापूर्वीच मागे घ्यावा. मात्र केवळ टक्केवारी सुधारण्यासाठी मुलांना दोन शाळांसमोरून तिसऱ्या शाळेत नेणारा नकाशा टिकत नाही, पुढच्या निवडणुकीत तो पुसला जातो आणि त्या मुलांना पुन्हा हलावे लागते.

घराच्या किमतीची चिंता आपण संकोचाने शेवटी लिहिली आहे. ताकाला जाऊन भांडे लपवण्याचे कारण नाही. सँड्रा ब्लॅक यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बॉस्टनच्या उपनगरांत प्राथमिक शाळांच्या हद्दीच्या दोन्ही बाजूंच्या, एरवी सारख्या असलेल्या घरांची तुलना केली, आणि परीक्षेचे गुण ५ टक्के जास्त असलेल्या शाळेसाठी पालक सुमारे अडीच टक्के जास्त किंमत मोजतात असे दाखवले. म्हणजे परिणाम खरा आहे, पण आपल्या गटात बोलले जाते तेवढा प्रलयंकारी नाही. नव्या शाळेच्या बाबतीत सुरुवातीला रेटिंगच्या संकेतस्थळांवर रकाना रिकामा असतो, आणि त्या रिकाम्या रकान्याची भीती विक्रेत्यांना जास्त वाटते. निकाल जमले की तो भरतो, आणि तो बहुतांशी त्याच घरांतल्या मुलांच्या गुणांनी भरतो. तरीही हा मुद्दा माइकवर आणू नये. बोर्डाला घरांच्या किमती राखण्याचे काम दिलेले नाही, आणि ते वाक्य उच्चारले की आपले बाकीचे सगळे मुद्दे त्याच रंगात रंगतात.

सुनावणीची पद्धत अशी. टेक्सासमध्ये २०१९ च्या कायद्यानुसार कार्यसूचीवरील विषयावर निर्णयापूर्वी नागरिकांना बोलू द्यावेच लागते, मात्र वेळेची मर्यादा बोर्ड घालू शकते आणि ती बहुधा दोन-तीन मिनिटांची असते. एकाच रंगाचे टी-शर्ट घालून आलेले ऐंशी लोक ऐंशी वेळा तेच बोलले, तर बोर्डाच्या वहीत ती एकच नोंद होते. दुसऱ्या शाळेतल्या मुलांविषयी, तिथल्या वातावरणाविषयी कोणी उणे बोलले तर त्या गटाची बाजू तिथेच संपते. त्याच सभागृहात त्या शाळेतली मुले आणि त्यांचे आईवडील बसलेले असतात.

नकाशा हलतो तो संख्येने. आम्ही डिस्ट्रिक्टचे लहान लहान तुकडे पाडतो. प्रत्येक तुकड्याला क्रमांक असतो, त्यात आज किती मुले राहतात, पाच वर्षांनी किती असतील याचे आकडे असतात, आणि हद्दी या तुकड्यांच्या कडांवरूनच जातात. हे आकडे चुकू शकतात. एका सुनावणीत एक निवृत्त गृहस्थ हातात घडी घातलेला एकच कागद घेऊन आले होते. नातीला बस थांब्यावर सोडायला जाताना त्यांनी आठवडाभर सकाळी आपल्या तुकड्यातल्या तिन्ही थांब्यांवरची हायस्कूलची मुले मोजली होती, आणि स्वतः गाडीने जाणारी मुले शेजाऱ्यांना विचारून त्यात मिळवली होती. आमच्या तक्त्यात ६१ होती, त्यांच्या कागदावर ९४. त्या सबडिव्हिजनच्या शेवटच्या टप्प्यातल्या घरांचा ताबा उन्हाळ्यात दिला गेला होता आणि आमच्या पत्त्यांच्या फायलीत ती घरे अजून मोकळे भूखंडच होती. त्यांनी आवाज चढवला नाही, दीड मिनिटात बोलणे संपवले. दुसऱ्या दिवशी आम्ही तो तुकडा पुन्हा मोजला, त्याच्याशी जोडलेले आणखी दोन तपासले, आणि पुढच्या बैठकीत आलेला नकाशा वेगळा होता. मला त्या प्रकरणाची आजही थोडी लाज वाटते, पण टी-शर्टवाल्यांपेक्षा त्या कागदाने जास्त काम केले हे खरे.

तसा कागद आपण करू शकता. आपल्या तुकड्याचा क्रमांक आणि त्याचे आजचे व पाचव्या वर्षाचे आकडे नियोजन विभागाकडे मागावेत. ते सार्वजनिक माहितीत मोडतात. नगरपालिकेने मंजूर केलेली पण अंदाजात न धरलेली अपार्टमेंट जवळपास आहेत का ते पाहावे. रस्ते स्वतः चालून पाहावेत. टेक्सासमध्ये शाळेपासून रस्त्याने २ मैल किंवा त्याहून दूर राहणाऱ्या मुलांच्या बससाठी राज्याचे अनुदान मिळते, त्याच्या आतल्या मुलांसाठी सर्वसाधारणपणे नाही; धोकादायक रस्त्यांसाठी वेगळी तरतूद आहे. सहा मार्गिकांचा रस्ता, पदपथाचा अभाव, सिग्नल नसलेला चौक, या गोष्टी आमच्या नकाशावर दिसत नाहीत आणि छायाचित्रासह दाखवल्या तर दुर्लक्षिता येत नाहीत. एका मिडल स्कूलमधल्या चारशे मुलांपैकी केवळ वीस-पंचवीस मुले वेगळ्या हायस्कूलला तुटत असतील, तर तो अत्यंत वजनदार मुद्दा आहे आणि बहुतेक बोर्डे तो मान्य करतात.

आणि ‘आम्हाला हलवू नका’ एवढ्यावर थांबू नये, कारण तो नकाशा होत नाही. आपल्या तुकड्यातली १२० मुले जुन्या शाळेत ठेवायची असतील तर दुसऱ्या कोणत्या तुकड्यातली साधारण तेवढीच मुले जातील, आणि तसे केल्यावर दोन्ही शाळा पहिल्या वर्षी व पाचव्या वर्षी किती टक्के भरतील, हे लिहून द्यावे लागते. हे लिहायला बसल्यावर अनेकांचा राग निवतो, कारण त्या दुसऱ्या तुकड्यातली घरेही डोळ्यांसमोर येऊ लागतात. काही जणांना खरोखर चांगला पर्याय सापडतो. असा पर्याय सापडला तर तो सुनावणीची वाट न पाहता नियोजन विभागाला ईमेलने आधी पाठवावा. सुनावणीच्या रात्री पहिल्यांदा दिसलेल्या नकाशावर कोणतेही शहाणे बोर्ड मत देत नाही.

मुलीच्या नुकसानीचा प्रश्न उरला. नवे हायस्कूल सहसा पहिल्या वर्षी नववी-दहावीचेच उघडते. अकरावी-बारावीची मुले जुन्या शाळेत शिक्षण पुरे करतात. आपली मुलगी त्या वर्षी नववीत जाईल, म्हणजे जुन्या शाळेच्या पटावर तिचे नाव कधी आलेलेच नसेल, आणि म्हणून जुन्या विद्यार्थ्यांना राहू देण्याची सवलत तिला लागू होण्याची शक्यता फार कमी. मोठे भावंड तिथे शिकत असेल तर काही डिस्ट्रिक्ट सूट देतात, पण आपल्याकडे तीच मोठी आहे. ही सवलत मिळते तिथेही बस मिळत नाही असे अनेकदा ठरलेले असते, आणि हे वाक्य ठरावाच्या तळाशी असते.

तोटे खरे आहेत. एखाद्या विषयाची तुकडी काढायला किमान मुले लागतात, आणि दोनच इयत्ता असलेल्या शाळेत प्रगत फ्रेंच किंवा एखादा दुर्मिळ एपी (हायस्कूलमध्ये शिकवला जाणारा कॉलेजच्या पातळीचा) विषय पहिल्या वर्षी निघणार नाही. संघात थोरली मुले नसतात, त्यामुळे सुरुवातीचे सामने मोठ्या फरकाने हरले जातात. फायदेही तितकेच खरे आहेत: नववीतली मुलगी वादविवाद संघात, बँडमध्ये किंवा वृत्तपत्रात पहिल्याच दिवशी पुढे येते, जिथे जुन्या शाळेत तिला दोन वर्षे थांबावे लागले असते. कॉलेज प्रवेशाची भीती मात्र मला अवास्तव वाटते. अर्जासोबत शाळेची माहितीपत्रिका जाते आणि विद्यार्थ्याने काय घेतले ते त्या शाळेत काय उपलब्ध होते याच्याशी ताडून पाहिले जाते. शिवाय टेक्सासमध्ये १९९७ च्या कायद्याने आपल्या वर्गाच्या वरच्या १० टक्क्यांतील विद्यार्थ्यांना राज्याच्या सार्वजनिक विद्यापीठांत थेट प्रवेश मिळतो, यूटी ऑस्टिनसाठी (ऑस्टिन शहरातल्या टेक्सास विद्यापीठासाठी) हा निकष त्याहून कडक आहे. जीवघेण्या स्पर्धेच्या शाळेतून बाहेर पडणे या एका बाबतीत तोट्याचे नसते. हे कोणी सुनावणीत बोलत नाही, पण हिशेब करणारे पालक मनात करतात.

नव्या शाळेचे पहिले वर्ष कसे जाईल याचा मी पाहिलेला सगळ्यात भरवशाचा अंदाज मुख्याध्यापकाच्या नेमणुकीवरून येतो. ती उद्घाटनाच्या वर्षभर आधी झाली असेल, तर विभागप्रमुख निवडायला, जुन्या शाळेतले चांगले शिक्षक बोलावायला आणि हिवाळ्यात होणाऱ्या विषय-नोंदणीपूर्वी वेळापत्रक बसवायला वेळ मिळतो. उन्हाळ्याच्या तोंडावर नेमणूक झाली असेल तर पहिले सहा महिने गोंधळाचे जातात, इमारत कितीही चकचकीत असो. बोर्डाला हे विचारावेच, आणि सोबत मुलगी सध्या शिकत असलेल्या गणिताच्या पातळीच्या पुढचे विषय पहिल्या दोन वर्षांत नक्की मिळतील असे लेखी आश्वासन मागावे. दुसऱ्या शाळेत बसने जाऊन किंवा ऑनलाइन ते देता येतात, त्यामुळे बोर्ड सहसा नाही म्हणत नाही. माझ्या अनुभवात ही मागणी हद्दीपेक्षा कितीतरी लवकर पदरात पडते.

धाकट्यासाठी वेगळा विचार करावा. तो हायस्कूलला पोहोचेपर्यंत चार वर्षे जातील, आणि वाढत्या डिस्ट्रिक्टमध्ये तेवढ्यात पुढची शाळा उघडू शकते. तिन्ही नकाशांतल्या पाचव्या वर्षाच्या आकड्यांकडे त्याच्या दृष्टीने पाहावे: ज्या नकाशात नवी शाळा पाचव्या वर्षीच ११० टक्के भरलेली दिसते, तो नकाशा आज आपल्याला सोयीचा असला तरी त्याला पुन्हा हलवणारा आहे. पुढच्या हायस्कूलची जमीन कुठे घेतली आहे तेही आताच विचारून ठेवावे.

बोर्डाचे मतदान झाल्यावरही वैद्यकीय किंवा विशेष अडचणीच्या कारणाने दुसऱ्या शाळेत बदलीचा अर्ज करता येतो, आणि जुन्या शाळेत जागा शिल्लक राहिल्यास काही वेळा तो मंजूरही होतो. मात्र आपली मुलगी व्हॉलीबॉल खेळते असे आपण लिहिले आहे. हद्द बदलल्यामुळे नव्या शाळेत गेलेल्या खेळाडूला अडचण येत नाही, पण स्वतःहून बदली घेतलेल्या विद्यार्थ्याच्या मुख्य संघातील पात्रतेवर युनिव्हर्सिटी इंटरस्कोलॅस्टिक लीग या टेक्सासमधल्या शालेय स्पर्धा चालवणाऱ्या संस्थेचे निर्बंध येऊ शकतात आणि ते वर्षभराचे असू शकतात. त्यामुळे अर्जावर सही करण्यापूर्वी शाळेच्या क्रीडा संचालकाकडून तिच्या बाबतीतला नियम लेखी घ्यावा.